वीज गेली की आत्या ऐकायची

शैलाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या कारखान्यात एका बोर्डावर मीटरची टोकं टेकवून उभी होते. फोन धुळ्याहून, देवपुरातल्या तिच्या शेजारीणबाईंचा होता. "बेटा, तुझे पप्पा गाडीवर असतील म्हणून तुला केला..." त्यांनी पुढचं सांगितलं आणि मला आधी पप्पांचीच काळजी वाटली. पप्पा तेव्हा एसटीची जळगाव-धुळे लाल गाडी चालवायचे. त्या वेळी ते भरलेली गाडी घेऊन रस्त्यावर असणार आणि कुणीतरी आगाऊपणे त्यांना चालत्या गाडीत फोन करणार... मी धुळ्याच्या डेपोत फोन लावला. अनोळखी माणसाशी बोलताना माझा आवाज नेहमी अडकतो, तेव्हाही अडकला. पण गाडी लागल्यावर पप्पांना आधी खुर्चीत बसवा आणि मग सांगा, हे मी कसंबसं बोलले. आत्या त्यांची धाकटी बहीण. तंत्रनिकेतनात प्रॅक्टिकल आटोपून जिना चढताना ती पायरीवर बसली आणि पुन्हा उठली नाही.

ती तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. मीही तोच विषय घेतला, पण इंग्रजीतून घोकलेला. पेपरात मी पानंच्या पानं भरायचे आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या चपलेकडे बघत बसायचे. सुट्टीत आत्याकडे गेले, की ती माझी वही बाजूला सारायची. एका दुपारी तिने टेबलावर नऊ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी आणि तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर, जेफेट, जोडून ठेवला. त्याचा गेट नावाचा पाय मोकळा हवेत होता. एलईडी पेटलेला. तिने आपल्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा चार वेळा फिरवला आणि त्या पायाजवळ नेला. लागू दिला नाही, नुसता जवळ नेला. दिवा मंदावत गेला आणि विझला.

"हात लावला का मी?"

"नाही."

"मग याला कसं कळलं?"

मी इंग्रजी पुस्तकातलं वाक्य सुरू केलं. "ते तुझ्या सरांना ऐकव," ती म्हणाली. मग तिने बागेतल्या पाण्याच्या नळीचं सांगितलं. जेफेट ही वाहती नळी. काही केलं नाही तर ती वाहतच असते. गेटवर उलट्या दिशेचा दाब आला, की नळी चिमटल्यासारखी अरुंद होते, दाब पुरेसा वाढला की बंद. गंमत अशी, की चिमटा काढायला गेट समोरच्याकडून जवळजवळ काहीच वीज घेत नाही. "साधा ट्रान्झिस्टर काम करायला थोडं तरी मागतो. हा मागत नाही, नुसतं टिपतो. तुझ्यासारखा. चार माणसांत बसतेस, कुणाकडून चहासुद्धा घेत नाहीस, पण घरी जाऊन प्रत्येकाचं सगळं सांगतेस." मी हसले. मला इतकं नीट ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

हा गुण तिने एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात कामाला लावला होता. बझरमध्ये असते तसली पितळी चकती छातीवर ठेवायची. हृदयाच्या ठोक्याने तिच्यात अगदी क्षीण वीज तयार होते. पुढचं सर्किट ती पिऊन टाकणारं असेल तर काहीच हाती लागत नाही, म्हणून पहिल्या जागी जेफेट, त्याच्या गेटला दहा मेगाओहमचा रेझिस्टर, आणि मग हेडफोनपुरता आवाज मोठा करणारा भाग, सगळं बॅटरीवर. एकाच नंबरचे दोन जेफेट कधी सारखे वागत नाहीत, म्हणून ती मूठभर आणायची आणि एकेक मोजून त्यातला एक निवडायची. पण इतकं बारीक ऐकणारा भाग भिंतीतल्या तारांची घूं घूंसुद्धा ऐकतो. पत्र्याचा डबा त्यातली बरीचशी अडवायचा, सगळी नाही. म्हणून देवपुरात वीज गेली, की शेजारीपाजारी वीजवाल्यांना शिव्या घालायचे आणि आत्या टाळी वाजवायची. "गेली का? आण डबा!" शेजारीणबाई ओरडायच्या, "शैलाताई, तुम्हीच तर फ्यूज काढत नाही ना?"

अशाच एका दुपारी वीज गेली आणि तिने ती चकती माझ्या छातीवर ठेवली. हेडफोन तिच्या कानाला होते. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती हसत होती, मग हसू ओसरलं, मग तिने डोळे मिटले... आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. पंखा बंद होता, माझ्या मानेवरून घाम उतरत होता. शेवटी "झालं" म्हणून तिने वायर गुंडाळली. मला ऐकायला दिलं नाही.

"काय ऐकू आलं?"

"जेफेट चांगला निघाला," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तेव्हा मी ते सोडून दिलं. पण ती गेल्यानंतर दवाखान्यात डॉक्टरांनी पप्पांना आणि मला बाजूला घेतलं. तिच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता, हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, तुम्ही दोघांनी तपासून घ्या, असं ते म्हणाले. कधी कधी तो कानांनीही ऐकू येतो, ठोक्यांच्या मध्ये एक जादा आवाज... त्या वाक्यापाशी मला ती दुपार आठवली. आत्याने माझ्यात काय ऐकलं होतं? कारखान्यात जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबू लागले. दम लागला म्हणून नाही, लागतो का ते बघायला. मोबाइलवर बोलता बोलता माझा हात मानेवरच्या नाडीवर जायचा. मम्मी म्हणायची, "सारखं काय चाचपतेस?"

आणि पप्पा तपासणीचं नाव काढू देत नव्हते. आधी म्हणाले, तेरावं होऊ दे. मग लग्नसराई आली, जादा गाड्या. मग नुसतंच, "माले काही व्हयेल नही." घरात ते माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलतात. अहिराणी त्यांच्या तोंडी आली, की समजावं ते चिडलेत किंवा घाबरलेत.

आत्याची खोली आवरायला मी त्यांच्याच गाडीने धुळ्याला गेले. त्यांच्या मागच्या सीटवर बसले. पूर्ण रस्ताभर मी रस्ता पाहिला नाही, त्यांची मान पाहिली. स्टिअरिंगवरचा हात पाहिला. गाडीत एक बाई बाळाला पाजत होती, कॉलेजची पोरं गाणी लावून बसली होती, मागे कुणीतरी पारोळ्याच्या बाजारात घेतलेल्या कोंबड्या पायाशी ठेवल्या होत्या. ह्या सगळ्यांचं ओझं ह्या एका छातीवर, असं एकदा मनात आलं आणि मग ते जाईना. चहाच्या थांब्यावर कंडक्टरकाका म्हणाले, "काय रेवा, पप्पांवर नजर ठेवायला आलीस का?" मी मान हलवली. त्यांना तो विनोद वाटला.

गाडीला परतीपर्यंत दोनेक तास होते, म्हणून पप्पाही देवपूरला आले. मी टेबलावरून डबा उचलला तसे ते पलंगावर बसले आणि डब्याकडे बघत राहिले.

"मनी छातीवर बी ठेवेल व्हतं तिनी हाई," ते म्हणाले.

त्यांच्याही छातीवर! मी डबा खाली ठेवला. कधी, ते मी विचारलं नाही. त्यांनीच हळूहळू सांगितलं. आत्याला स्वतःचं कळलेलं होतं, तिच्या गोळ्या चालू होत्या. पप्पांचे ठोके ऐकून ती म्हणाली होती, भाऊ, तुझं माझ्यासारखंच वाजतंय, दाखव कुणाला तरी. आणि रेवाला सांगू नको, ती घाबरते.

"मग का नाही दाखवलं?"

"रिपोर्टात आलं तर गाडी काढून घेतील माझी. गाडीशिवाय मी काय शे?"

भिंतीपलीकडच्या मिक्सरचा आवाज येत होता, वीज होती. मी उठून दारामागचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. पप्पांच्या सदऱ्याची दोन बटणं मी सोडली, त्यांनी सोडू दिली. चकती ठेवली आणि हेडफोन घातले. ठोका आला. आणि जिथे शांतता असायला हवी तिथे, पोत्यातून गव्हाची धार लागावी तशी सरसर... मग दुसरा ठोका. पुन्हा सरसर.

हे "झालं" म्हणून मला गुंडाळून ठेवता आलं नाही. मी हेडफोन काढून त्यांच्या कानांवर घातले. त्यांनी ऐकलं. खिडकीकडे बघत बराच वेळ ऐकलं.

"पप्पा, परतीची गाडी दुसरं कुणी नेईल," मी म्हणाले. "तुम्ही डेपोत कळवा. नाही कळवलं तर मी सांगेन. मला बोलता येत नाही, तरी सांगेन."

त्यांनी बटणं लावली आणि खिशातून मोबाइल काढला.

त्याच संध्याकाळी धुळ्यात आमच्या दोघांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. पप्पांचा स्नायू जाड आहे. गोळ्या सुरू झाल्या आहेत, पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत आणि स्टिअरिंग सुटलं आहे. माझं आज तरी ठीक आहे. दरवर्षी बघत राहायचं आहे. मग त्या दुपारी आत्या इतका वेळ काय ऐकत होती, हे मी पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "काही नाही ऐकू आलं तर माणूस लवकर विश्वास ठेवतं का? परत परत बघत असेल, खरंच नाही ना."

पप्पा सध्या जळगाव स्थानकावर गाड्या पुकारतात. पहिले काही दिवस ते कुणाशी बोलत नव्हते, माझ्याशी तर नाहीच. कारखान्यातून सुटले, की मी स्थानकावरून जाते. त्यांना दिसणार नाही अशी खांबाआड उभी राहते. भोंग्यातून आवाज येतो, "जळगाव-पारोळा-धुळे गाडी फलाटावर लागत आहे..." प्रवासी पिशव्या उचलून धावतात. घोषणा संपते, पण माइक बंद करायला पप्पांना नेहमी जरा उशीर होतो आणि तेवढ्यात त्यांचा एक श्वास सगळ्या स्थानकभर ऐकू येतो. तो आल्याशिवाय मी तिथून हलत नाही.