भांड्यावर नाव घालणारे मामा

आपल्याकडे मत कुणाला नसतं? अहमदपूरच्या एसटी स्टँडवर बस लागेपर्यंत सरकार कसं चालवावं, मुलींना किती शिकवावं आणि मोबाइलनं पिढी कशी बिघडवली, याबद्दल हवी तेवढी मतं फुकटात ऐकायला मिळतात. पण रात्री झालेलं मत सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आत अमलात आणणारा माणूस मी उभ्या मराठवाड्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या बायकोचा मामा निघाला.

मामांचं अहमदपूरला भांड्यांचं दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि मांडीवर भांड्यांवर नाव घालायचं मशीन. माझं लातूरला कॉम्प्युटरचं दुकान असल्यामुळे जगातल्या यच्चयावत यंत्रांचा जबाबदार इसम म्हणून त्यांनी मला धरून ठेवलंय. नेट बंद पडलं की फोन येतो, "जावईबापू, तुमचं ते नेट आज आलं न्हाई." जणू मी रतीब घालतो. पैसे जमा झाले की मोठ्यानं बोलणारा तो डबा कुणीतरी त्यांच्या दुकानात बसवून गेला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांचं मत झालं, "गिऱ्हाइकानं काय दिलं ते शेजारच्यालाबी कळू न्हाई, आन् हे येडं चौकाला सांगून राहिलं." दुसऱ्या दिवसापासून डब्याला मामींनी विणलेली लोकरी कानटोपी चढली ती चढलीच. आता तो आतल्या आत पुटपुटतो.

एकदा त्यांचं मत झालं की दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात भिंत नसावी. सकाळी सुतार येऊन काउंटर उचलून घेऊन गेला. बाया थेट आत येऊन पातेल्यांच्या राशीत बसू लागल्या, हाताला लागेल ते झाकण हाताला लागेल त्या पातेल्यावर ठेवून बघू लागल्या, आणि दिवाळीच्या तोंडावर दुकानातलं एकही झाकण आपल्या पातेल्याशी नांदेना. काउंटर गुपचूप परत आला. मी जरा खवचटपणे विचारलं, "मामा, मत चुकलं का?" तर म्हणाले, "चुकलं न्हाई. पिकलं." मामांची मतं कधी चुकत नाहीत, ती पिकतात. एखादं लवकर पिकतं, एखादं उशिरा, एवढंच.

सगळ्यात पक्कं मत चहाबद्दलचं. जन्मभर स्टील विकलेला हा माणूस स्टीलमधून चहा पीत नाही. "पेल्यात च्या पिणं म्हंजी ओठाला डाग देणं," असं सांगून ते भल्याभल्यांच्या घरातून चहा परत पाठवतात. लातूरला आमच्याकडे येताना पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची कपबशी असते. मामींचं म्हणणं एवढंच, "दुकान भरून पेले, आन् घरात रोज कपबश्यांची फुटाफूट."

पण मामांची खरी कीर्ती नाव घालण्यातली. आपल्याकडे लग्नात दिलेलं भांडं नावाशिवाय जात नाही. गावजेवणाला, बारशाला ही भांडी दहा घरी फिरतात आणि नावाच्या जोरावर परत येतात. मामांचं अक्षर टपोरं, ओळ सरळ, आणि खोली अशी की बोटाला लागावी. मी एकदा त्यांना लेझरचं मशीन घ्या म्हणालो. त्यांनी नमुना हातात घेऊन उजेडात धरला. "देखणं हाय. पण वरवरचं हाय. म्या घातलेलं नाव भांडं फुटंल तवाच जाईल." दुकानाबाहेर पाटीच होती, नाव पुसल्यास भांडं बदलून मिळेल. भांडं बदलायला आजवर कुणी आलेलं नाही.

मंगल ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात मामांनी हंड्यापासून चमच्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर स्वतः नाव घातलं. आधी 'सौ.', मग 'मंगल', मग नवऱ्याचं नाव, मग सासरचं आडनाव. एवढ्या खोल अक्षरात त्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव घातलं नसेल. ते लग्न टिकलं नाही. का टिकलं नाही ते मंगलनं आईबापाला एकदाच सांगितलं, आणि त्यानंतर त्या घरात कुणी तिला परत जा म्हणालं नाही. कोर्टाचं सगळं आटोपल्यावर एका टेंपोतून भांडी तिच्या मागोमाग माहेरी आली. मामी माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरगी तांब्या भिताडाकडं फिरवून पाणी भरती गं. नाव दिसू न्हाई म्हणून."

मामांच्या थोरल्या भावानं सल्ला दिला, सगळी मोडीत घाल, नवी घे. मामा म्हणाले, "भांड्याचा काय गुन्हा? माल चांगला हाय. नाव चुकलं, आन् नाव म्या घातलंय." दुकानातून आले की पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचे. बोटं सोलली, पण नाव हलेना. "बघा जावईबापू, कसं धरून बसलंय," असं म्हणताना त्यांच्या आवाजात संताप होता आणि, खोटं कशाला बोलू, जराशी ऐटही होती. मी लातूरहून एक घासायचं मशीन नेऊन दिलं. प्रत्येक यंत्राबद्दल मत असणाऱ्या माणसानं ते एक शब्द न बोलता हातात घेतलं, तेव्हा मला भडभडून आलं.

मामांनी पहिला हंडा मांडीवर आडवा घेतला आणि मशीन सुरू केलं. तेवढ्यात मंगल बाहेर आली. तिनं हंड्यावर हात ठेवला. "आप्पा, माझं नाव कशाला घासता? तेवढं तर बरोबर हाय की."

मामांनी मशीन बंद केलं, चष्मा काढून पुसला. मग 'सौ.' घासलं, पुढची दोन नावं घासली, आणि मधलं 'मंगल' ठेवलं. सगळ्या भांड्यांचं तसंच केलं. दोन्ही बाजूंना घासल्याचा पांढुरका पट्टा आणि मध्ये एक टपोरं नाव.

पुढे उमरीचं स्थळ आलं. बी-बियाण्यांचं दुकान, पहिली बायको वारलेली, माणूस शांत. मंगल त्याच्याशी स्वतः बोलली आणि मग हो म्हणाली. थोरल्या भावानं लगेच व्यवस्था सांगितली, सकाळी लवकर देवळात चार माणसांत पाट लावून टाकू, गाजावाजा नको, रुखवत तर नकोच. मामांनी घरच्यांच्या ग्रुपवर आपला नेहमीचा आवाजी निरोप टाकला. "अहमदपूरहून बोलतोय. सगळ्यांना शरणार्थ, नमस्कार. मंगलचं लग्न दिवसा हाय, मांडवात हाय, वाजंत्री हाय. रुखवतात तिची भांडी मांडली जातील. ज्येला लाज वाटत आसंल त्येनं घरी थांबावं, डबा पाठवू." संध्याकाळपर्यंत फक्त मामींचा अंगठा आला. त्यांनी आयुष्यात पाठवलेला तो पहिलाच. थोरल्या भावानं फोन करून येणार नाही म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, "डब्यात काय देऊ, भात का पोळी?"

लग्नाच्या दिवशी पांढऱ्या चादरीवर भांडी मांडली होती आणि मांडवातला सगळा उजेड त्या घासलेल्या पट्ट्यांवरच पडत होता. थोरला भाऊ आला, उशिरा आला, मागच्या ओळीत बसला. बाया कुजबुजत होत्या. एवढ्यात नवरदेवाची आई उठली, वाकून हंडा उचलला आणि नाव वाचलं.

"व्याहीबुवा, पुढचं नाव घालायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली. "मशीन हाय म्हणं तुमच्याकडं."

मामांनी हात जोडले. "राहिलं न्हाई, विहीणबाई. नाव तेवढंच हाय."

बाईनं त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मामींनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला होता. "माझ्या हंड्यावर सासऱ्याचं नाव हाय, मालकाचं हाय," बाई सावकाश म्हणाली. "माझं कुठंच न्हाई. मलाबी एक तांब्या द्या. नुस्त्या माझ्या नावाचा."

मत झालं की अंमल. मामा तसेच दुकानाकडे निघाले. मुहूर्ताला नवरीचा बाप मांडवात नाही, अक्षता हातात घेऊन लोक ताटकळलेले, आणि हे तिकडे मशीन लावून विहिणीचं नाव घालतायत. परतले ते तांब्या उंच धरून. लग्न जरा उशिरा लागलं, पण दिवसाच लागलं.

तेव्हापासून दुकानाची पाटी बदलली आहे. बाईच्या भांड्यावर फक्त बाईचं नाव घातलं जाईल. बरीच गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जातात. मामी म्हणतात हे मत पिकू द्या आता. ते पिकायचं नाव घेत नाही, आणि मला वाटतं पिकूही नये.

मध्यंतरी मी अहमदपूरला गेलो होतो. मंगल उमरीत रुळली आहे, नवऱ्याच्या दुकानात बसते, फोनवर खळखळून हसते. इकडे घर मात्र फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मामींनी चहा आणला. मला कपबशीत, आणि मामांना स्टीलच्या फुलपात्रात. मंगलची भांडी उमरीला न्यायचा टेंपो भरताना हे एक फुलपात्र मामांनीच हळूच काढून मागे ठेवलं, हे मामींनी माझ्या कानात सांगितलं. मामांनी ते उपरण्याच्या टोकात धरलं, फुंकर मारली, घोट घेतला. ओठ भाजला असणार, डोळ्यांत पाणी आलं.

"मामा," मी म्हणालो, "स्टीलमधून चहा?"

त्यांनी फुलपात्र जरासं फिरवून नाव आपल्याकडे करून घेतलं. मी वाट पाहत होतो, पण यावर मामांचं काही मत नव्हतं.