फुटाला चार सूत

शिवा गोताडाने अहमदच्या कानफटात दिली ती एका शब्दावरून. गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. सौदीला बारा वर्षं ट्रेलर हाकून अहमद मिरकरवाड्याला परत आला होता आणि हातखंब्याच्या तिठ्यावर पत्रा ठोकून घ्यायला शिवाच्या शेडात थांबला होता. फळीवर सव्वा वीत लांबीचा पत्र्याचा ट्रक ठेवलेला. तो उचलून अहमद म्हणाला, "खेळणं बाकी झकास केलंयस हां."

शिवाची पाचही बोटं त्याच्या गालावर उठली. अहमद काय ऐकून घेणारा नव्हता. त्याने शिवाला कमरेत धरून उचलला आणि गटारात फेकला. दोघांची नाकं फुटली. दोघांनी एकाच डब्यातल्या पाण्याने तोंडं धुतली, मग अहमद गाल चोळत म्हणाला, "मंग ह्याला म्हणू तरी काय, बाबा?"

"गाडी. लहान हाय म्हणून काय गाडी नाय?"

तेव्हापासून दोघांची दोस्ती जमली.

शिवाचा धंदा डेंटरचा. चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे. थोरला भाऊ धोंडू त्याच शेडात मेस्त्री. दोघांना बापाने शिकवलेलं, आणि बापाची शिकवण म्हणजे मार. काम एक सूत, इंचाचा आठवा हिस्सा, चुकलं की पोराचा पंजा लाकडावर ठेवायचा आणि लोखंडी पट्टी कडेने हाणायची. दोघांच्या बोटांच्या पेरांवर अजून पांढरे व्रण होते. बाप मेला, पण त्याची पट्टी दोघांच्या डोक्यात राहिली. कोणी शिवी दिली तर धोंडू हसायचा, हातच्या कामाला नाव ठेवलं की मात्र अंगावर धावायचा.

शिवा रिकाम्या वेळात गाड्या करायचा. माप एकच, फुटाला चार सूत. खरी गाडी बावीस फूट, तर त्याची अकरा इंच, एक केसही इकडे तिकडे नाही. दुकानातलं काही चालायचं नाही, सामान शोधून आणायचं. टायरांसाठी अहमद मिरकरवाड्याच्या धक्क्यावरनं ट्रॉलरच्या पंपाची रबरी कडी आणून द्यायचा, त्यातली शंभरातली सहा मापात बसायची. स्प्रिंगच्या पाट्यांना खोकी बांधायची लोखंडी पट्टी, काचेला धुतलेली एक्स-रेची फिल्म. हौद्याच्या फाळक्याला सागच हवा, कारण खऱ्या गाडीला सागच असतो. आणि गाडी खालूनही तेवढीच खरी पाहिजे. अहमद विचारायचा, "खालून कोन बगतो रे?"

"गाडी बगते," शिवा सांगायचा.

एकदा दोन महिने खपून केलेली गाडी दीड सूत लांब भरली. शिवाने ती ऐरणीवर ठेवून घणाने चिरडली, तुकडे पायाखाली तुडवले आणि जेवायला गेला. बायको चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण त्याच्या ते ध्यानातच आलं नाही.

दोन हजार एकच्या गणपतीत चिरेखाणीच्या बाबूशेठने आपल्या ट्रकाची गाडी करायला सांगितली, कचेरीत काचेत ठेवायला. शिवाने केबिन केली, फाळके केले. तोवर दसरा आला आणि दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तो ट्रक शिवाच्या वाडीच्या उतारावर सुटला.

चालवत होता सखाराम, त्याच वाडीतला. वळणावर एस.टी.च्या थांब्यात गोदूबाई मासळीची पाटी घेऊन उभी होती. ट्रकाने थांबा नेला, गोदूबाई नेली आणि आंब्याच्या बुंध्यावर आदळून आडवा झाला. मागचा अख्खा चिरा केबिन फोडून पुढे आला. सखारामला काढायला गेले त्यांना त्याचं डोकं कुठे नि चिरा कुठे ते कळेना. गोदूबाईची एक चप्पल तेवढी धड सापडली.

बाबूशेठने तिथेच उभं राहून सांगितलान, "पिऊन होता. मी सकाळीच बोललो होतो, हात लावू नको गाडीला."

वाडीला तेवढं पुरलं. गावकी बसली आणि सखारामची बायको दमयंती वाळीत पडली. विहिरीवर तिचा हंडा फोडला. कौलांवर धोंडे आले. गोदूबाईच्या मुलाने, झिलूने, तिच्या बैलाच्या मागच्या पायावर कोयता घातला. तो बैल तीन दिवस दारात हंबरून मेला आणि ओढून न्यायला चार माणसं मिळाली नाहीत. तिने एकटीने त्याला दोराने ओढून परड्यात पुरला.

इकडे बाबूशेठ म्हणाला, "गाडी नको आता." पण शिवाला अर्धं काम टाकवेना. खालचं माप राहिलं होतं. ट्रक ओढून खाणीवर नेऊन कुशीवर टाकलेला, म्हणजे खालची बाजू उघडीच. भर दुपारी तो पट्टी घेऊन गेला. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या पाइपाशी आला आणि तिथेच खाली बसला.

पाइप मुडपलेला होता. मुडपून, ठोकून बंद केलेला, वर तांब्याच्या तारेचे पाच वेढे आणि त्यावर वितळवलेल्या कथलाचा डाग. एवढा गुळगुळीत डाग हातखंबा ते लांजा एकच माणूस द्यायचा. धोंडू.

धोंडूला विचारलं तेव्हा तो चहा पीत होता. कप भिंतीवर फुटला. शिवाच्या बरगडीत पाना बसला. "तू काय बगितलं नायस," धोंडू म्हणाला. "काय बगितलंस?"

"काय नाय."

आठ दिवसांनी बाबूशेठने गॅसकटर लावून ट्रक कापलान आणि भंगारात दिलान. बघण्यासारखं काही उरलं नाही.

शिवा पाच महिने गप्प राहिला. त्यात शिमगा जवळ आला. शिमग्याआधी सहाणेवर, म्हणजे देवीच्या पालखीच्या दगडी चौथऱ्यावर, गावकी बसते आणि पालखी कोणाकोणाच्या घरी जाणार ते ठरतं. ज्याच्या दारात पालखी नाही ते घर गावाला मेलं. दमयंती शेडात आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. वाळीतल्या माणसाला उंबरा नसतो.

"शिवाभावजी, माजा नवरा प्यायचा. पण गाडीवर नाय. तुमी तर दोघंजण शाळेपासनं एकत्र. तुमी तरी सांगा गावकीत."

"सांगून काय होतंय, वैनी?"

"मंग नका सांगू," ती म्हणाली आणि गेली.

त्या आठवड्यात शिवाने ती गाडी पुरी केली. मागचा पाइप मुडपला, ठोकला, वर तार घेतली. दोन वेढे घातले आणि हात थांबवला. पाच हवे होते. कथलाचा डाग हवा होता. पण त्याने दोनवरच सोडलं, तेही सैल. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून चुकीचं माप केलं.

गावकीत साठ-सत्तर माणसं होती, निम्मी ड्रायव्हर नाहीतर क्लीनर. बाबूशेठ पुढे बसलेला. दमयंती लांब, काजूखाली उभी. शिवाने गाडी सहाणेवर उलटी ठेवली.

"ही बाबूशेठची गाडी. माप मी घेतलंय, गाडी कापायच्या आधी. मागचा ब्रेक बंद केलेला होता. सखाराम पिऊन असो नायतर नसो, ती गाडी उतारावर थांबणारीच नव्हती."

"पंचांसमोर खेळणं आणून ठेवतो, मेला!" बाबूशेठ हसला. "पाइप तुझ्या डोक्यात मुडपलाय. खरी गाडी दाखव."

"तुमीच कापलीत."

"आणि कुठला मेस्त्री असं करील? विचार तुझ्या भावाला."

गावकीच्या प्रमुखाने, गावकराने, धोंडूकडे बघितलं. धोंडू खाली मान घालून म्हणाला, "मी त्या गाडीचा मागचा ब्रेक उघडलाच नाय. देवीशपथ."

गाडी हातोहात फिरली. झिलूच्या हातात आली, तोही ड्रायव्हर. त्याने नखाने तार ओढली तशी ती अलगद सुटून खाली पडली. झिलू खो खो हसला.

"ही काय धोंडूची गाठ? ह्यापेक्षा आमची आये लुगड्याची गाठ बरी मारायची! असल्या मेस्त्रीला मी सायकल पण नाय देणार."

लोक हसले. कोणी म्हणालं, "पयल्याच ब्रेकला सुटली असती!" कोणी म्हणालं, "बापाचं नाव घालवलान!" धोंडूच्या मानेची शीर फुगली.

"माजी गाठ सुटत नाय!" तो उठून ओरडला. "दोन वेढे मी मारीन? पाच मारलेत, पाच! वर कथील घातलंय. गाडी उलटली तरी थेंब गळला नव्हता!"

कोणी हसलं नाही मग. धोंडूला आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. शिवाला एवढंच हवं होतं, आणि ते मिळाल्यावर त्याला भावाकडे बघवेना.

गावकराने सावकाश विचारलं, "का केलंस?"

"मागच्या ब्रेकचा पार्ट कोल्लापुरास्नं येणार होता. शेठ बोलले, येईपातूर बंद कर, दोन खेपा मारूंदे."

"सखारामला सांगितलंस?"

"नाय."

आणि मग धोंडू शिवावर तुटून पडला. त्याने त्याला केसांनी धरून सहाणेवर आपटला, गुडघा छातीवर ठेवला, उजवा पंजा दगडावर दाबून धरला आणि बाजूला पडलेला चिऱ्याचा तुकडा उचलून हाणला. "मुद्दाम! मुद्दाम चुकवलंस, भडव्या!" एकदा, दोनदा, तीनदा. तीन बोटं चेचली गेली. तेव्हा कुठे लोकांनी त्याला ओढला, आणि ओढता ओढता तुडवू लागले. झिलूने त्याचं डोकं दगडाने फोडलं. बाबूशेठ जीपकडे पळाला. काचा फुटल्या, एक धोंडा त्याच्या कानावर बसला, तरी रक्ताळलेल्या सदऱ्याने तो निसटला. ती गाडी कोणाच्या तरी पायाखाली सपाट झाली.

गावकराने नारळ फोडला आणि सांगितलं. दमयंतीच्या दारात पालखी जाईल, पहिली. बाबूशेठच्या खाणीवर वाडीतला माणूस जाणार नाही. आणि गोताडांचं घर वाळीत.

"शिवानं खरं सांगितलान ना?" कोणीतरी म्हणालं.

"चूल एक हाय," गावकर म्हणाला.

दमयंती पुढे आली. धोंडूकडे तिने बघितलंच नाही. शिवापुढे उभी राहून म्हणाली, "तू बगितलंवतंस. पाच म्हयने तोंड शिवलंवतंस काय? माजा बैल तरी जगला असता."

ती निघून गेली.

दोघे भाऊ घरी आले. एकाच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला, दुसऱ्याने आपला पंजा मेलेल्या पाखरासारखा काखेत धरलेला. वाटेत भेटलेल्या माणसांनी तोंडं फिरवली. तिठ्यावरच्या डॉक्टरकडे न्यायला वाडीतला रिक्षावाला तयार होईना. ओटीवर बसल्यावर धोंडू म्हणाला, "हात आण इकडं."

शिवाने हात पुढे केला. धोंडूने गुडघ्यात त्याचं मनगट अडकवलं, वाकडं झालेलं मधलं बोट धरलं, डोळा बारीक करून रोख बघितला आणि सरळ करायला ओढलं. शिवा असा ओरडला की तीन वाड्यांत ऐकू गेलं. कोणी आलं नाही.