यवतमाळच्या माणसाला मुंबईत खोली

आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कोणी नुसतं ‘लॉज’ म्हणायचा अवकाश, चार जण एकदम बोलायला लागायचे. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू! ऐकून ऐकून माझ्याकडे असे किस्से इतके साचले आहेत, की कोणता कोणाचा, ते मलाच कधी कधी आठवत नाही. पण आज सांगते ते सगळे एकाच माणसाचे, आमच्या राठोडचे. हसू आलं तर खुशाल हसा. आम्हीही हसलो होतो.

मी यवतमाळला एका सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर होते. जोशी मॅडम. ‘तोंडाची फाटकी बाई’ असं माझ्यामागे म्हणायचे. मागे कशाला, समोरच म्हणायचे. राठोडचं टेबल माझ्या शेजारी. उमरखेडकडच्या तांड्यावरचा, घरादारात नोकरीला लागलेला पहिलाच. कधी कोणावर आवाज चढवला नाही की कधी धड खोटं बोलता आलं नाही. त्याच्या बायकोच्या, शांताच्या, गळ्यात गाठ निघाली आणि इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या.

मग दर तीन आठवड्यांनी मुंबई. शांताला बायकांच्या वॉर्डात चार-पाच दिवस ठेवून घ्यायचे. राठोडने कुठे राहायचं, ते त्याचं त्याने बघायचं. म्हणजे त्याला पाहिजे होतं काय? दवाखान्यापासून पायी जाता येईल आणि त्याच्या पगारात बसेल, अशी एक खोली. एवढंच! मोबाइलवर खोल्या शोधायचे दिवस नव्हते ते.

⁂

पहिल्या खेपेची चूक माझी. निघताना मीच त्याला म्हटलं, “दवाखान्याजवळ एखादं स्वस्तातलं हॉटेल बघ. कोणालाही विचार, सांगतील.”

त्याने विचारलं. लोकांनीही सांगितलं. पहिल्या हॉटेलात उसळ-पाव होता. दुसऱ्यात वडा. तिसऱ्यात नुसता चहा. झोपायची सोय कुठेच नाही! आणि आमचा राठोड इतका भिडस्त, की आत जाऊन काही न घेता निघणं त्याच्या जिवावर यायचं. बॅगा घेऊन नवरा-बायको प्रत्येक ठिकाणी बसले, काहीतरी मागवलं, खाल्लं, पुढे निघाले.

चौथ्या हॉटेलात भजी आली तेव्हा शांता म्हणाली, “आता खोली नाई भेटली तरी चालते. पोटात काही टाकाले जागा नाई राह्यली!”

शेवटी तिथल्याच वेटरने सांगितलं, भाऊ, झोपायचं असेल तर ‘लॉज’ म्हणून विचारा. आमच्याकडेही लॉजच म्हणतात हो! मीच मोठी इंग्लिश शिकलेली, हॉटेल म्हणायला गेले.

⁂

दुसऱ्या दिवशी शांता ॲडमिट झाली आणि खरा तमाशा सुरू झाला. नवरा-बायको म्हणून जी खोली मिळाली होती, ती एकट्याला ठेवायला मॅनेजर तयार नाही. राठोड बॅग उचलून पुढच्या लॉजवर गेला.

“अकेला है? किधर से आया?”

“यवतमाळ.”

“रूम नहीं है।”

मॅनेजरच्या पाठीमागे फळीवर नऊ किल्ल्या लटकलेल्या! तिसऱ्या लॉजवरही तेच झालं, तेव्हा राठोडने विचारलंच, का नाही म्हणता? तो माणूस तसा सरळ होता. म्हणाला, “देखो भाई, तुम्हारे जिले का नाम रोज पेपर में आता है। अकेला आदमी, वो भी यवतमाल का। हमको लफड़ा नहीं मंगता।”

कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या रस्त्यांवरून रोज टीव्हीवाल्यांच्या गाड्या फिरायच्या, आणि कोणत्या गावात कोण गेलं, ते पेपरात चहाआधी वाचायला मिळायचं. पण त्या बातम्या मुंबईच्या लॉजपर्यंत आपल्या आधी जाऊन बसल्या असतील, हे आम्हाला काय ठाऊक!

“मी नोकरीवाला आहो!” राठोडने ओळखपत्र काढून दाखवलं. “पगार आहे मले!”

“टेन्शन नौकरी में भी होता है,” मॅनेजर म्हणाला आणि हात जोडले.

पाचही रात्री तो दवाखान्याच्या व्हरांड्यात पेपर अंथरून झोपला. परत आल्यावर आम्हाला म्हणाला, “ताई, आपल्या जिल्ह्याचं नाव भल्लं मोठं झालं. लॉजवाले हात जोडून राह्यले!”

आम्ही सगळे खो खो हसलो. मग जो तो आपल्या टेबलावर जाऊन फाइल उघडून बसला.

⁂

यावर आमचा ड्रायव्हर वानखडे याने उपाय काढला. “काहून यवतमाळ सांगतं बे? नागपूर सांग!”

पुढच्या खेपेला राठोडने छातीवर दगड ठेवून नागपूर सांगितलं. मॅनेजर खूश! “नागपूर? अरे वा! संतरा लाया क्या?”

राठोडने काय करावं? बाप्पा, हा माणूस तसाच खाली उतरला, बाजारात गेला, मुंबईच्या दराने दोन डझन संत्री घेतली आणि अर्ध्या तासाने मॅनेजरसमोर आणून ठेवली. “बॅगेत होती.” बॅग कोपऱ्यात, संत्री कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या कागदी पिशवीत, पिशवीवर दुकानाचं नाव!

मॅनेजरने संत्री ठेवून घेतली आणि राठोडला बाहेर काढलं.

शांताला हे कळलं तेव्हा सलाईन लावलेल्या हाताने तिने कपाळ बडवलं. “खोटं बोलाचं, तं फुकटचं तरी बोलाचं ना!”

⁂

मग आम्ही ऑफिसात ठरवलं. एकट्याला देत नाहीत ना? मग एकटा जायचाच नाही. दर खेपेला एकाने रजा टाकायची आणि राठोडसोबत दुसरा माणूस म्हणून जायचं. साहेबांनीही काणाडोळा केला.

पहिली पाळी हेडक्लार्क भोयर साहेबांची. त्यांनीच हसनभाईचं लॉज शोधून काढलं. दवाखान्यापासून दहा मिनिटं, लाकडी जिना, जिन्यावर कायम फिनेलचा वास, आणि भाडं राठोडला झेपेल असं. हसनभाई साठीचा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यानेही विचारलं, “किधर से?” भोयर साहेबांनी खरं तेच सांगितलं. हसनभाईने दोघांना खालून वर बघितलं. “दो जन हो ना? एक-दूसरे को देखोगे ना? तो ठीक है।” आणि सात नंबरची किल्ली दिली.

खोलीत सगळं होतं, फक्त छताला पंखा नव्हता. एका स्टुलावर टेबलफॅन. मे महिना! भोयर साहेब घामाघूम होऊन खाली आले. “छताले पंखा काहून नाई? बाकी खोल्यांत तं आहे!”

“वो रूम हम यवतमालवालों के लिए ही रखते हैं,” हसनभाई म्हणाला.

भोयर साहेबांना काय मान वाटला! यवतमाळला आल्या आल्या सगळ्या ऑफिसात सांगत सुटले, “मुंबईत आपल्या जिल्ह्यासाठी स्पेशल रूम आहे! राखीव!”

माझ्या लगेच ध्यानात आलं. पण मी कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं. राठोडलाही समजलं असणार. तो खाली मान घालून फाइल बांधत होता.

⁂

वानखडेची पाळी आली तेव्हा त्याने रजिस्टरमध्ये ‘येण्याचे कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘फिरायला’. दवाखाना लिहिलं तर हा बाबा नाही म्हणेल, अशी त्याची भीती. हसनभाईला सगळं माहीत होतं, पण तोही काही कमी नव्हता. रोज सकाळी विचारायचा, “आज क्या घूमोगे?” आणि वानखडे रोज नवीन ठिकाणाचं नाव सांगायचा आणि दवाखान्यात जाऊन बसायचा.

ही गंमत शांताला कळली तेव्हा तिने दोघांना वॉर्डातून हाकलूनच दिलं. “जा, खरंच समुद्र तरी पाहून या. अन् मले सांगजा कसा आहे.”

गेले. वानखडेने पँट वर करून पाय भिजवले. संध्याकाळी राठोडने तिला सांगितलं, “भल्लं पाणी आहे, शांता. नजर पुरत नाई.”

“पेता येते?”

“नाई. खारं आहे.”

“मंग कायले एवढं ठेवलं देवानं?” शांता म्हणाली. तिच्या बाजूच्या खाटेवरची मुंबईची बाई हसता हसता खोकायला लागली. आमच्या शांताचा आवाज निघायचा तोवरची ही गोष्ट. पुढे तोही गेला.

⁂

पावसाळ्यानंतर तिचं बरंच खालावलं. सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मी गेले. मी तेव्हा बावन्न वर्षांची, डोक्याचे केस निम्मे पांढरे. हसनभाईने रजिस्टर उघडलं, माझ्याकडे बघितलं, राठोडकडे बघितलं.

“रिश्ता?”

“मी सीनियर आहे त्याची!” मी म्हटलं. “सर्व्हिस बुक दाखवू का?”

त्याने पेन खाली ठेवलं. अशा नात्याला खोली देता येत नाही म्हणाला. लेडीजला एकटीलाही देत नाही म्हणाला. मी तिथेच आवाज चढवला, तर म्हणाला, “चिल्लाओ मत, आपा। घर चलो।” आणि मागच्या गल्लीत त्याच्या घरी घेऊन गेला. पाच दिवस मी त्याच्या बायकोच्या शेजारी झोपले. मी कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातली, म्हणून ती माऊली माझ्यासाठी वेगळं भांडं काढून वरण लावायची. आणि राठोडच्या खोलीत भायखळ्याचा एक ओळखीचा टॅक्सीवाला हसनभाईने आणून झोपवला, दुसरा माणूस म्हणून.

त्या खेपेच्या शेवटच्या दिवशी शांताने मला जवळ बोलावलं. घशातून नुसती हवा यायची. तोंडाजवळ कान न्यावा लागला.

“ताई, यायले एकट्याले कोणीच खोली देत नाई ना?”

“नाही गं. वैताग आणलाय मेल्यांनी.”

“चांगलं करतेत,” ती म्हणाली. “ताई, तुमी बी त्यायले एकटं नका राहू देजा.”

मी हो म्हटलं. आणि दवाखान्याच्या जिन्यात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती गेली. तांड्यावर तिला नेलं तेव्हा तिच्या सासूने, त्यांच्या बोलीत याडी म्हणतात आईला, त्या याडीने असा सूर लावला, की भाषा कळत नसतानाही आम्ही सगळे ढसाढसा रडलो.

⁂

हा शेवटचा.

त्यानंतर राठोड ऑफिसात यायचा, काम करायचा, घरी जायचा. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. आम्ही पाळी लावली होती, एक जण रोज त्याला घरापर्यंत सोडायचा. दोन-अडीच महिने झाले. मग आम्हीच जरा सैल पडलो. माणसाला आपापले संसार असतात. हे मी कबूल करते, आणि त्याची लाज आजही वाटते.

एका सकाळी त्याचं टेबल रिकामं. अकरा वाजता त्याचा धाकटा भाऊ ऑफिसात आला. “दादा कालपासून घरी नाई. बॅग बी नाई नेली.”

भोयर साहेब खुर्चीत मटकन बसले. वानखडे मोटरसायकल घेऊन स्टँडवर गेला. तिथे एकाने सांगितलं, काल दुपारी धामणगावच्या गाडीत बसताना पाहिला. धामणगाव म्हणजे रेल्वे. रेल्वे म्हणजे मुंबई. पण आता मुंबईत त्याचं कोण होतं? कायले गेला असेल? सगळ्यांच्या मनात एकच. इतकी वर्षं पेपरात दुसऱ्यांची नावं वाचली होती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता घुसले आणि हसनभाईच्या लॉजला फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा कोणीतरी म्हातारा बोलला, तिथे पाणी भरणारा असावा.

“हसनभाई को दो!” मी ओरडले.

“सेठ बाहरगाँव गए।”

“यवतमालवाले राठोड आये क्या उधर?”

“आए ना। सुबह आए। अकेले।”

“फिर? रूम नही दिया ना उनको? किधर गये?”

“दिया ना रूम। रजिस्टर में दो नाम लिखे, तब दिया।”

“दुसरा कौन?”

“सेठ।”

मला काही उमगेना. माझ्याभोवती सगळं ऑफिस गोळा झालेलं, भोयर साहेबांनी फोनला कान लावलेला. मी म्हटलं, “अहो बाबा, सेठ तो बाहरगाँव गये ना? कब आयेंगे?”

“सात नंबर में हैं, बाहरगाँव तो बोलने को बोला है। राठोड साब नींद से उठेंगे, तब आएँगे।”