माझा दोन संधींचा नियम

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण मधे थांबवू नका. ही गोष्ट अर्धवट सांगितली की मला दोन दिवस चैन पडत नाही. घ्या, चहा घ्या. आता काय सांगू तुम्हाला, आयुष्यात मी बऱ्याचदा माती खाल्ली आहे, पण हातात माईक घेऊन, स्पीकर लावून, साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशी एकदाच खाल्ली!

तर मी प्लॅनिंगवाला. बंगळुरूत घरपोच किराणा देणारी एक कंपनी आहे, तिथं पुढच्या पाच वर्षांचं चित्र काढणं हे माझं काम. उद्या पाऊस पडेल की नाही हे मला सांगता येत नाही, पण पाच वर्षांनी कंपनी कुठं असेल ते मी बाण काढून दाखवतो. पुण्याहून इथं येऊन बारा वर्षं झाली. कन्नड अजून 'स्वल्प स्वल्प'च्या पुढं सरकलेलं नाही. पण आत्मविश्वास? तो विचारू नका! घरीसुद्धा मी सुट्टीचे तक्ते करतो. बायको, सीमा, ते तक्ते अवरेकाईच्या, म्हणजे इथल्या वालाच्या, शेंगा सोलायला खाली अंथरते.

बसवनगुडीत आमच्या खालच्या मजल्यावर गिरिजाक्का राहतात. सत्तरी ओलांडलेली बाई. घराणं मराठी, पण ते इथं कधी आलं हे त्यांच्या पणजोबांनाही ठाऊक नसावं. येलहंक्याला त्या दारू सोडवायचं केंद्र चालवतात. माणसं तीन-तीन महिने तिथं राहतात, सावरतात, घरी जातात. खाटा पंचवीस. आत यायला थांबलेले मात्र कायम जास्त.

एकदा जिन्यात मला गाठून अक्का म्हणाल्या, "विनू, माझं वय झालं रे. माझ्यामागं केंद्र कसं चालायचं, पुढच्या पाच वर्षांत काय करायचं, तेवढं स्वल्प लिहून दे की."

"स्वल्प कशाला अक्का, सगळंच लिहून देतो! दोन दिवसांत!"

बघा, इथंच कुणीतरी माझं तोंड धरायला हवं होतं.

अक्कांनी मला केंद्राचं रजिस्टर दिलं. कोण कधी आलं, कधी गेलं, सगळं त्यात. मी पानं उलटतोय आणि बघतो तर काय, तीच तीच नावं! एक माणूस दोनदा, एक तीनदा, एक तर चारदा! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अहो, आमच्या धंद्यात परत येणारं गिऱ्हाईक म्हणजे साक्षात देव. त्यानं परत यावं म्हणून आम्ही काय काय नाही करत!

मी लिहून अक्कांकडं पाठवूनही दिलं, 'लोक केंद्रात पुन्हा पुन्हा येतात, ही संस्थेची सर्वांत मोठी ताकद आहे. हे प्रमाण पाच वर्षांत आणखी वाढवावं. तिसऱ्यांदा येणाऱ्याला केंद्राचं नाव छापलेली पिशवी द्यावी.'

संध्याकाळी अक्कांचा फोन.

"विनू, पिशवी देणार म्हणतोस?"

"कापडी, अक्का. लोकांना आपलेपणा वाटतो."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मला वाटलं, भारावल्या.

"अरे," अक्का हळूच म्हणाल्या, "तो तिसऱ्यांदा येतो म्हणजे बाहेर जाऊन तिसऱ्यांदा पडलेला असतो रे."

आणि मग त्या जे हसायला लागल्या! हसता हसता त्यांना खोकला लागला. इकडं माझे कान तापले. सीमानं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "दारू सोडवायच्या ठिकाणी बक्षीस योजना काढणारा माणूस, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला!"

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? अक्कांना विचारलं असतं, की बाई, मला यातलं काही कळत नाही, जरा समजावून सांगा. पण मी शहाणा असतो तर तुम्हाला आज ही गोष्ट मिळाली असती का? मी चिडून कामाला लागलो आणि थेट दुसऱ्या टोकाला गेलो. परत येणं वाईट आहे ना? मग बंदच करून टाकू! नवी माणसं दाराबाहेर ताटकळतात, आणि जुनीच परत येऊन खाटा अडवतात. म्हणून नियम काढला. एका माणसाला दोन संधी. तिसऱ्यांदा आला तर प्रवेश नाही. कागदावर काय देखणं दिसत होतं ते! मी अक्कांना आधी दाखवलंसुद्धा नाही. म्हटलं, शनिवारी येलहंक्याला केंद्रात काम करणाऱ्या सगळ्यांची बैठक आहेच, तिथंच चकित करू.

शनिवारी मी रंगीत कागद, स्केचपेनं, आणि भाड्यानं आणलेला माईक-स्पीकर घेऊन हजर. समोर दहा-बारा माणसं. माईकची काय गरज होती? काही नव्हती. पण माईक हातात असला की माणसाला आपलं म्हणणं खरं वाटायला लागतं. स्पीकर ठेवायला आत जागा नव्हती, म्हणून खिडकीत ठेवला. शिवाय मी जाहीर केलं, "दोन तास कुणी उठायचं नाही. फोन नाही, निरोप नाही."

सुरुवातीलाच रखवालदार रंगण्णा दारात आला आणि अक्कांना काहीतरी खुणावू लागला. अक्का उठायला लागल्या. मी म्हटलं, "अक्का, नंतर!" त्यांनी रंगण्णाला हातानं थांबायची खूण केली आणि परत बसल्या.

हे लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मग मी हिंदीत, आवाज चढवून माझा नियम सांगितला. "दो मौके! तीसरी बार आया, तो दरवाज़ा बंद!" एकदा सांगून समाधान होईना, म्हणून तीनदा सांगितला.

टाळ्या नाहीत. सगळे एकमेकांकडं बघतायत. शेवटी स्वयंपाकी सिद्दप्पांनी शाळेत करतात तसं बोट वर केलं.

"सर, मी इथं चारदा आलो. मग मी जायचं का? की दुपारची भांडी घासून जाऊ?"

मी गडबडलो. "नाही, तुमची गोष्ट वेगळी."

समुपदेशक थॉमस सर चष्मा पुसत म्हणाले, "माझं पाचव्यांदा जमलं. त्याला आता सोळा वर्षं झाली."

"मी तीनदा," मागून कुणीतरी म्हणालं. "मीही," दुसरा म्हणाला. दारातून रंगण्णानं तीन बोटं दाखवली.

अहो, माझ्या नियमानं सगळं केंद्र रिकामं झालं! मी घाबरून अक्कांना विचारलं, "मग उरतं कोण?"

"मी आणि मांजर," अक्का म्हणाल्या. "आणि मांजराचंपण सांगता येत नाही. दोनदा दूर सोडून आलो, परत आलंय."

हशा पिकला. मीही हसलो. हसण्यावारी निभावलं म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि चहाची सुट्टी दिली.

अक्का तडक व्हरांड्यात गेल्या. मी मागं गेलो. बाकावर कुणीच नव्हतं. खाली चहाचा पेला, काठोकाठ भरलेला, थंड झालेला.

"अक्का, परशुराम आलता," रंगण्णा म्हणाला. "तेच सांगत होतो. बॅग घेऊन बसला होता इथं. आत्ता बघतो तर नाही."

परशुराम निपाणीकडचा. मोटरी वाइंड करायचं काम करतो. दोनदा केंद्रात राहून गेलेला. दुसऱ्या खेपेनंतर दीड वर्ष थेंबाला शिवला नव्हता, मग पुतण्याच्या लग्नात पाय घसरला. तो आपणहून तिसऱ्यांदा आला होता. बाकावर बसला होता. आणि त्याच्या डोक्यावर, खिडकीत, माझा स्पीकर.

अक्का माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तुझा आवाज चांगला आहे रे विनू. बाहेरपर्यंत जातो."

मी स्कूटर काढली. येलहंक्याचा बसस्टँड पाहिला, रेल्वे स्टेशन पाहिलं, दोन वाइन शॉपच्या रांगासुद्धा पाहिल्या. तो दिसतो कसा हेच मला माहीत नव्हतं! तरी बॅगवाला माणूस दिसला की मी "परशुराम?" म्हणून हाक मारत होतो. एकानं रागावून मला पोलिसात देईन म्हणून सांगितलं. परशुरामचा फोन बंद. त्याची बायको अक्कांना म्हणाली, तो तर तुमच्याकडंच गेलाय ना?

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. खरंच सांगतो. रोज सकाळी जिना उतरून अक्कांचं दार वाजवायचो. त्या दार उघडून नुसती मान हलवायच्या. ऑफिसात समोर तक्ता उघडा आणि मी बघतोय फोनकडं. एका माणसानं किती हिंमत गोळा करून ती बॅग भरली असेल! बायकोच्या नजरेला नजर न देता निघाला असेल. आणि मी? मी त्याला माईकवरून घालवून दिला, तेही तीनदा.

रात्री बसून मी आराखडा पुन्हा लिहिला. या वेळी थॉमस सरांना, सिद्दप्पांना आधी विचारून. परत येणाऱ्यांसाठी पाच खाटा वेगळ्या ठेवायच्या आणि दार कुणालाच बंद करायचं नाही, हे पहिल्या पानावर. फाइलवर मोठ्या अक्षरांत 'तिसरा खर्डा' लिहिलं आणि शनिवारी येलहंक्याला गेलो. अक्का आत कुणाशी तरी बोलत होत्या. मी व्हरांड्यात बाकावर बसलो. सीमाचा फोन आला. "हो, पोचलो. हो, गप्प बसतो," एवढं बोलून ठेवला.

तेवढ्यात एक माणूस आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात बॅग. माझ्या शेजारी बसला. थोडा वेळ माझ्याकडं बघून म्हणाला, "मराठी काय ओ तुम्ही? पहिल्यांदाच आलाय वाटतं."

मी काही बोलायच्या आत तो जवळ सरकला. "घाबरू नका ओ. पहिलं चार दिवस लई जड जातंय. हात कापतंय, झोप येत नाही. मग सिद्दप्पाचं सारू-भात गोड लागायला लागतंय बघा. मी परशुराम. माझी तिसरी खेप."

मी नकळत वर खिडकीकडं पाहिलं.

"गेल्या शनिवारीच आलतो," तो म्हणाला. "हितंच बसलतो. आत कोण तर माईकवरनं सांगालता, तिसऱ्यांदा आला की दार बंद म्हणून. उठलो आणि गेलो. चार दिवस काय केलं ते विचारू नका. पाचव्या दिवशी शुद्धीवर आलो, तवा म्हटलं, अक्का तसं म्हणायच्या नाहीत. तो माईकवाला कोण लागून गेलाय?"

"कोणी नाही," मी कसंबसं म्हणालो.

त्यानं मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं. "तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यागत वाटतोय ओ."

झालं! दोन तास माईक न सोडणारा मी, त्यानंतर नुसता मानेनं बोललो. मीच तो, माफ करा, एवढे चार शब्द होते. ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले. मला त्याची लाज आजही वाटते.

अक्का दारात आल्या. परशुरामला बघून त्यांचे डोळे भरले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का, माझं राहू दे," तो म्हणाला. "ह्यांना आधी आत घ्या. नवीन हाईत. बिचारे लाजालेत."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या फाइलकडं.

"नवीन कुठला रे? हीपण तिसरीच खेप," त्या म्हणाल्या. "दर वेळी वाटतं, आता सुधारला."

परशुरामनं एका हातात बॅग उचलली, दुसऱ्या हातानं माझं कोपर धरून मला उठवलं.

"असू दे की ओ अक्का," तो म्हणाला. "आणि एकदा घ्या त्यांना आत."