उधव्याच्या प्रेसवरचं बांधलेलं बटण

डहाणूला गेले ती कौतुक ऐकायला, हे आधीच कबूल करते. नाशिकजवळ माझं पत्रावळ्यांचं छोटं युनिट आहे: पळसाची पानं, एक गरम प्रेस आणि कामाला चार बायका. प्लास्टिकला पर्याय शोधणाऱ्या आमच्यासारख्या लहान उद्योगवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणी सोलर ड्रायरवर चिकू वाळवतं, कुणी केळीच्या सोपटापासून कागद करतं. आपल्याला जमलेली युक्ती सगळ्यांना फुकट सांगायची, हा तिथला नियम. यंदा सगळे पहिल्यांदाच समोरासमोर भेटणार होते, डहाणूजवळच्या आशागडला. ग्रुप चालवणाऱ्या हेमंतभाईंनी मला बोलायला बोलावलं होतं.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा असा रस्ता. वळणं खूप आहेत, खड्डेही. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि जव्हारला पोटभर खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. मी डहाणूजवळच समुद्रकाठी, चिखल्याला एका घरगुती मुक्कामात उतरले. सुरूची झाडं, ओहोटीचा काळपट किनारा, रात्री तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. झोप छान लागली. तशी झोप त्यानंतर लागलेली नाही.

मेळावा चिकूच्या वाडीतल्या पॅकिंग शेडमध्ये होता. हेमंतभाईंनी पडद्यावर मी ग्रुपवर टाकलेला माझाच व्हिडिओ लावला. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा तापलेला साचा खाली येतो. मी एक बटण रबराने कायमचं दाबून ठेवलं होतं. एक हात मोकळा, म्हणजे पुढचं पान लगेच सरकवता येतं, आणि माल जवळजवळ दुप्पट निघतो. टाळ्या पडल्या. तिघाचौघांनी सांगितलं, "ताई, आम्हीपण तसंच केलंय."

जेवताना एक माणूस जवळ आला. तिशीतला, शर्ट इस्त्रीचा, ताटाला हात लावलेला नाही. "मी सुरेश. उधव्याला माझं युनिट आहे. उद्या याल का? दाखवायचं आहे."

नवीन मशीन असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चारोटीवरून हायवेने तलासरी आणि तिथून आत उधवा. पाट्या मराठी-गुजराती दोन्ही, पुढे थोड्या अंतरावर राज्याची हद्द. सुरेश रस्त्यावरच उभा होता. पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस बंद पडलेली, शेजारी पानांचे गठ्ठे सुकून चुरा होत आलेले. एक बटण नारिंगी नाडीने करकचून बांधलेलं होतं.

"तुमचा व्हिडिओ बघून मीच बांधलं," तो म्हणाला. "माझ्याकडे कामाला होती त्या लखीचा हात आत होता आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं गेलं. सिल्वासाला नेलं. तीन बोटं गेली."

"ग्रुपवर का नाही सांगितलं?"

"हेमंतभाईंना सांगितलं होतं. ते म्हणाले, मेळावा होऊ दे, आत्ता ग्रुपचं नाव खराब नको."

लखीचा पाडा तिथून पायी वीस मिनिटांवर आहे. ती ओट्यावर बसून डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. उजवा हात पदराखाली. सुरेशने माझी ओळख करून दिली: "व्हिडिओवाली ताई, हीच."

तिने मला खालून वर पाहिलं. इकडे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. "तुझे हात दाखव," ती म्हणाली.

मी दोन्ही हात पुढे केले. तिने ते उलटसुलट करून बघितले.

"तू अजून तसंच करते?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "कालपर्यंत तरी."

"मग बंद कर. भात लावताना रोपं बोटांनीच धरतात. मला आता कोण बोलवणार?" एवढं बोलून तिने सूप पुन्हा पुढे ओढलं. मी माफी मागितली. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

पाड्याखालच्या वाटेवर रेंज आली तसा युनिटवर फोन लावला. छाया प्रेसवर असते. म्हटलं, "ते रबर आत्ता काप. मी थांबते फोनवर."

"लग्नाची ऑर्डर आहे ना ताई, कशी पुरी होईल?"

"नाही होणार. काप."

परतताना आशागडला थांबले. हेमंतभाई म्हणाले, "ताई, चूक झाली. पण ग्रुपवर नका टाकू, लोक घाबरून सोडून जातील." मी त्यांच्या समोरच टाकलं, लखीच्या बोटांसकट सगळं. घरी पोचेपर्यंत बरेच अंगठे आले होते, हात जोडलेले आले होते. रबर काढलं, असं फक्त दोघांनी लिहिलं होतं.

प्रवासातून आपण काहीतरी घेऊन येतो म्हणतात. मी देऊन आले होते, जायच्या कितीतरी आधीच. सुरेशने प्रेस विकायला काढली आहे. लखीसाठी डाव्या हाताने जमेल असं काम आम्ही दोघं शोधतो आहोत, अजून मिळालेलं नाही. आणि मी ग्रुपमधल्यांची यादी घेऊन एकेकाला फोन करते. काल कुडाळच्या एकाला लावला.

"आमच्याकडे कुणाला काही झालेलं नाही हो," तो म्हणाला.

"अजून," मी म्हणाले.

त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. रविवारी कुडाळला जाते आहे.