घोड्यांच्या रक्तातला भाऊबंद

आमच्या जीपमध्ये रक्ताचे नमुने कमी आणि किस्से जास्त जमतात. नमुन्यांना निदान बर्फाचा डबा तरी असतो. किस्से वाटेत सांडत जातात, म्हणून म्हटलं चार लिहून ठेवावेत.

आम्ही तिघं. सुलभा मॅडम जनावरांच्या डॉक्टर, मी लॅब टेक्निशियन आणि ख्वाजाभाई ड्रायव्हर. नांदेड-लातूरभर फिरून घोड्यांचं रक्त गोळा करायचं. हेपॅटायटिस सी हा माणसाच्या लिव्हरचा रोग, प्रयोगासाठी वापरतात त्या साध्या उंदराला तो होत नाही. पण घोड्यांत त्या विषाणूचा एक भाऊबंद सापडतो आणि बऱ्याच घोड्यांच्या अंगातून तो आपोआप निघूनही जातो. कसा जातो ते कळलं, तर माणसासाठी लस करायला मदत होईल.

अर्धापूरच्या एका केळीवाल्याला मॅडमनी हे सगळं समजावलं.

"म्हंजे रोग माणसाचा आन् सुई घोड्याला?"

"त्याचा भाऊबंद असतो ना घोड्यात."

"मंग बराबर हाय. भाऊबंदापायी आम्हीबी लई भोगलंय," असं म्हणून त्यानं स्वतःच लगाम धरला.

*

ख्वाजाभाईंच्या आजोबांचा टांगा होता. कसलंही अवखळ घोडं असो, ख्वाजाभाईंनी मानेवर हात ठेवला की गप. एकदा ते मॅडमना म्हणाले, "घोड्यांचं तपासून राहिले, माझंबी तपासा की एकदा."

थट्टाच होती. पण दवाखान्यात तपासलं तर खरंच हेपॅटायटिस सी निघाला! तरुणपणी अपघातात रक्त चढवलं होतं, तेव्हा आला असावा. आता त्यावर चांगल्या गोळ्या आहेत, त्या सुरूही झाल्या, पण हा माणूस घरी नातीला जवळ घेईना आणि गाडीत स्वतःचा कप वेगळा ठेवायला लागला. हा रोग उष्ट्यानं किंवा जवळ घेतल्यानं लागत नाही, म्हणून मला इतका राग यायचा! मी भांडून पाहिलं, उपयोग शून्य. मॅडम भांडल्या नाहीत. लोह्याच्या टपरीवर त्यांनी ख्वाजाभाईंचा अर्धा उरलेला कप उचलला आणि पिऊन टाकला.

"साखर जास्त आहे," एवढंच म्हणाल्या.

*

देगलूरला एक पांढरा घोडा सुई पाहूनच उधळला. मॅडम पुढे, घोडा मागे. मालक लांबून ओरडला, "त्याला मराठी येत न्हाई!" ख्वाजाभाईंनी तेलुगूत जोरात "आगु!" केलं. घोडा थांबला. मॅडमही थांबल्या. त्यांचं माहेरही तेलुगू मुलखातलं.

*

उदगीरच्या संगप्पांच्या घोडीत तो भाऊबंद सापडला. काही महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं, तर साफ! संगप्पा म्हणाले, "दर सोमवारी भस्म लावून राहिलो तिला."

"ही तिच्या अंगातली प्रतिकारशक्ती," मॅडम म्हणाल्या.

"हाव की. पर अंगात ठिवली कुणी?"

 परतताना ख्वाजाभाई म्हणाले, "घोडीचं बिनगोळीचं गेलं, मॅडम. माझं गोळ्यांनीबी न्हाई गेलं तर?"

*

गोळ्यांचा कोर्स संपला. त्यानंतर तीन महिन्यांनी शेवटची तपासणी. त्यात विषाणूचा आकडा शून्य आला तरच बरं झालो म्हणायचं. रिपोर्ट यायचा होता, तेव्हा आम्ही माळेगावच्या जत्रेत होतो. चहूबाजूंनी घोडे, धूळ आणि सौदे. इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून आकडा सांगतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही.

मॅडमचा फोन वाजला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि ख्वाजाभाईंनी त्यांच्याकडे. भोवती ओळखीचे व्यापारी उभे होते.

"इथं मोठ्यानं नका सांगू," ते पुटपुटले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी स्वतःच्या हातावर पसरला आणि हात पुढे केला.

मॅडमना बोटांची ती भाषा येत नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि रुमालाखाली घट्ट मिटलेली मूठ घातली.

ख्वाजाभाईंनी बोटं चाचपली. एकदा, दोनदा. मग दोन्ही हातांनी ती मूठ धरून ते खाली बघत राहिले.

शेजारच्या व्यापाऱ्याला राहवेना. "ख्वाजाभाई, किती ठरले?"

"काहीच न्हाई," ख्वाजाभाई म्हणाले आणि मूठ काही केल्या सोडेनात.