पातळ पेजेचं उत्तर

येलेसानीच्या आईला पुरलं त्या दिवशी एसिनाती त्याची नवी नवरी होती, आणि मयताच्या घरी नव्या नवरीला जे काम मिळतं तेच तिला मिळालं होतं, चुलीपुढे बसून धूर खाण्याचं. स्वयंपाकाची झोपडी कुडाची. कुडातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. बाहेर पुरुष बसले होते आणि मधोमध लुपिया उभा होता.

लुपिया हत्ती-कुळातला, येलेसानी गवत-कुळातला. या दोन कुळांचं नातं थट्टेचं. हत्तीनं गवताला वाटेल ते बोलावं, गवतानं हत्तीला. समोरच्या ताटातला घास उचलून खाल्ला तरी रागवायचं नाही. आणि एका कुळात कोणी मेलं की दुसऱ्या कुळानं येऊन खड्डा खणायचा, मढं उचलायचं आणि मढ्याची चेष्टा करायची. त्यानं घरच्यांचं रडं जरा हटतं, आणि मेलेल्यालाही कळतं की आता इथं आपला मान राहिला नाही, निघालेलं बरं. चेष्टा करणारा मिळाला नाही तर मेलेला रेंगाळतो. असले रेंगाळणारे लुआंग्वा नदीच्या काठी आहेत काही, आणि ते कोणालाच नको आहेत.

"खड्डा खोल खणा रे!" लुपिया ओरडत होता. "म्हातारी वर आली तर परत पेज करील! हिची पेज म्हणजे काय, तर मका रस्त्यानं चालला होता, तो पाण्याला लांबून दिसला, झाली पेज! मी ती पिऊन वाढलो, म्हणून तर हा असा काठीसारखा राहिलो."

सगळे हसले. गेलेलीची सख्खी बहीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. येलेसानीनं आता उलटा टोला हाणायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढीच रीत. पण तो म्हणाला, "तोंड आवर. माझी आई आहे ती."

बाहेरचं हसू तुटलं. चुलीतलं लाकूड तडतडलेलं एसिनातीला मोठ्यानं ऐकू आलं.

"रागावलास?" लुपियानं विचारलं.

"रागावलो."

"थट्टेला?"

"आज थट्टा नको होती."

"मग काय रडू? रडायला तुमची माणसं आहेत की ढीगभर. मला हसवायला बोलावलंय."

"कोणी बोलावलं?"

"कुळानं बोलावलं, बाबा," कोणीतरी म्हातारा मधे पडला. "येलेसानी, काहीतरी उलटं बोल आणि मिटव. याच्या आजीला नावं ठेव. नाकाला ठेव. काहीही चालेल."

येलेसानी बसून राहिला. त्याला काहीही सुचलं नाही.

"बरं तर," लुपिया म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "उत्तर सुचेल तेव्हा ये. तोवर तू माझ्याशी बोलू नकोस, मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि मधेच मेलास तर आपल्या पायांनी चालत जा खड्ड्यात. मी उचलायचो नाही, माझे भाऊही उचलायचे नाहीत."

एसिनातीनं भांडं खाली उतरवलं. आपल्या नवऱ्याला शब्द सुचायला वेळ लागतो हे तिला आधीच ठाऊक होतं. मागणी घालायला आला तेव्हा तो हरवलेल्या कोंबडीची चौकशी करून परत गेला होता, आणि दुसऱ्या वेळी आला तेव्हाही कोंबडीपासूनच सुरुवात केली होती. उत्तर लवकर येणार नाही हे तिनं तिथंच ओळखलं. मरणाच्या आधी आलं तर मिळवली, असं तिच्या मनात आलं.

पुढे येलेसानीनं बरीच वर्षं रानात तारेचे फास लावले. मांस खाल्लं, विकलं, एकदा पकडला गेला, सुटला. मग नदीच्या वळणावर रान बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा तळ सुरू झाला. तिथल्या लोकांची रीत वेगळी होती. फार पाहुणे नकोत, एका वेळी सहाच माणसं. त्यांना गाडीतून हिंडवायचं नाही, पायी न्यायचं. वाटेत रानातले फास शोधून काढायचे, तारा गोळा करायच्या, हत्ती कुठून गेले ते बघायचं, हत्ती शिरू नयेत म्हणून गावच्या शेतांना मिरची लावलेल्या दोऱ्यांचं कुंपण बांधायला हात लावायचा. हौसेनं पैसे भरून लोक हे काम करायला येतात, हे गावाला पहिल्या वर्षी खरं वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तळाचे लोक म्हणाले, फास काढायला फास लावणारेच बरे. येलेसानीला घेतलं आणि चहावाला केलं.

चहावाला म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. पायी निघालेली रांग ठरलेली असते. सगळ्यांत पुढे बंदूकवाला रक्षक. मग वाट दाखवणारा, तो क्रिस्पिन. मग सहा पाहुणे. शेवटी टोपली घेतलेला चहावाला. टोपलीत किटली, कप, साखरेचा डबा, केक, आणि परतताना त्याच टोपलीत सापडलेल्या तारा.

आणि सगळ्यांत पुढचा बंदूकवाला कोण? लुपिया.

तर असे हे दोघे वर्षानुवर्षं एकाच रांगेत चालले, एक डोक्याला, एक शेपटीला, आणि मधे सहा परके. एकमेकांशी एक शब्द नाही. लुपियाला मागं काही सांगायचं असलं तर तो क्रिस्पिनला सांगे, "शेपटीला म्हणावं, किटली वाजतेय, म्हशी ऐकतायत." येलेसानी क्रिस्पिनलाच म्हणे, "डोक्याला सांग, म्हशींना चहा चालतो." हे क्रिस्पिननं एकदाही पुढे पोचवलं नाही. त्याच्या मते ही उत्तरं नव्हती, कुरकुर होती. त्याचं बरोबरच होतं.

चहा मात्र येलेसानी लुपियाला रोज देई. भांडण आपल्या जागी, चहा आपल्या जागी. कप जवळच्या वारुळावर ठेवायचा आणि पाठ फिरवायची. पाठ फिरली की लुपिया तो उचले. फक्त त्यात साखर नसे. लुपिया हा चमचा उभा राहील इतकी साखर घालून पिणारा माणूस. पण साखर मागायची तर बोलावं लागतं. म्हणून लुपिया तो कडू घोट चेहरा न हलवता गिळे आणि दूर रानाकडे असा बघे, की पाहुण्यांना वाटे, सिंह दिसला.

घरी एसिनातीचा प्रश्न ठरलेला. "मालिझानीचे बाबा, सुचलं का?"

"सुचलंय थोडं."

"बोला तर."

"तुझं नाक मोठं आहे."

"हत्ती-कुळातल्या माणसाला म्हणणार नाक मोठं आहे? तो लाजून आभार मानील."

"मग, तुझे पाय जाड आहेत."

"तेच ते झालं. अहो, शेपटीपासून सोंडेपर्यंत सगळा हत्तीच मोजाल, आणि तोवर मराल. मग मी काय करू तुमचं? एकटी खांद्यावर घेऊन जाऊ?"

"तू तर माझी रोजच चेष्टा करतेस."

"बायकोची चेष्टा धरत नाहीत. धरली असती तर गावातला एकही नवरा रेंगाळला नसता."

ती हसत बोले, पण तिला खरंच घोर होता. पलीकडच्या गावात एक माणूस थट्टा न होता पुरला गेला होता. त्याची विधवा सांगे की तो अजून सकाळी कोंबड्या मोजायला येतो, आणि आकडा चुकतो. येलेसानीचे केस पिकले, दम लागायला लागला, टोपलीचा पट्टा खांद्यात रुतायला लागला, तशी एसिनाती रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाकडे बघे. तिथं उत्तर दिसत नसे.

मग एका वर्षीच्या कोरड्या दिवसांतली गोष्ट. पाहुण्यांना वाटेत एक हत्तीचं पिल्लू दिसलं, पायात तार रुतलेली, पाय सुजून भोपळ्याएवढा. क्रिस्पिननं वायरलेसवर कळवलं. जनावरांची डॉक्टरीण गाडीतून आली, सोबत तिची चार माणसं. गाडीनं हत्तिणीला लांब हाकललं, पिल्लाला झोपेची सुई मारली, तार कापली, जखम धुतली, औषध भरलं. पाहुण्यांतल्या हॉलंडच्या उंच बाईनं पिल्लाच्या डोळ्यांवर ओला रुमाल धरला आणि त्यानं सोंडेतून श्वास सोडला तेव्हा ती रडली. तिच्या बाजूला उभा येलेसानी त्या तारेकडे बघत होता. तसली तार त्यानंही पूर्वी वळली होती. त्यानं ती उचलून टोपलीत टाकली आणि चहा ठेवायला झाडाखाली गेला.

पिल्लू उठलं, झिंगत झिंगत आईकडे गेलं. काम झालं. पण आईचं मन भरलं नव्हतं. ती वळली आणि कान पसरून थेट झाडाकडे निघाली.

"हळू मागं व्हा, पळू नका!" क्रिस्पिन म्हणाला. सगळे गाडीमागे सरकले. लुपिया पुढे गेला. गुडघे कुरकुरत होते तरी गेला. बंदूक खांद्यावरच ठेवून त्यानं टाळ्या वाजवल्या आणि हत्तिणीला शिव्या घातल्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण आपल्याच कुळाच्या जनावराला घातलेल्या होत्या, त्यामुळे घरगुती होत्या. ती थांबली. धूळ उडवली. जाता जाता टोपलीवर पाय ठेवून गेली. साखरेचा डबा ताटलीसारखा झाला. कपांपैकी निम्मे फुटले. किटली तेवढी चुलीवर शाबूत राहिली. हत्तीला चहाची आवड नसते.

आता लोक झाले बरेच, आणि किटलीत चहा सहा-आठ जणांपुरता. गरम काहीतरी सगळ्यांनाच हवं होतं. येलेसानीनं काही न बोलता किटलीत पाणी ओतलं. परत थोडं ओतलं. ओतता ओतता त्याचा हात थांबला. क्रिस्पिन म्हणाला, "काय झालं, म्हाताऱ्या? लागलं का कुठं?" येलेसानी म्हणाला, "नाही," आणि आणखी पाणी ओतलं.

उरलेल्या कपांतून आळीपाळीनं चहा फिरला. लुपियाचा कप वारुळावर गेला, पाठ फिरली. लुपियानं एक घोट घेतला. कपात बघितलं. मग क्रिस्पिनला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शेपटीला सांग, चहा त्याच्या आईच्या पेजेसारखा झालाय."

क्रिस्पिनचा चेहरा पडला. त्याला ती जुनी गोष्ट माहीत होती. सगळ्या खोऱ्याला माहीत होती.

येलेसानी वळला. थेट लुपियाच्या समोर जाऊन उभा राहिला.

"माझ्या आईची पेज घट्ट होती," तो म्हणाला. "चमचा उभा राहायचा. मग तुझे आईबाप तांब्याच्या खाणीकडे गेले, तुझी आजी आंधळी, आणि तू रोज आमच्या दारात वाडगा घेऊन उभा. पीठ तेवढंच. आई पाणी ओतायची. पेज पातळ झाली ती तुझ्यामुळे, सोंड्या. आमच्याकडे मका होता, तोंड तुझं जास्त होतं. आणि एवढं पिऊनसुद्धा काठीच राहिलास. पेज वाया गेली."

डॉक्टरीण सुई पुसायची थांबली. लुपियानं कप खाली ठेवला. त्याचं तोंड वाकडं झालं आणि पाहुण्यांना वाटलं, रडतोय. तो हसत होता. हसता हसता त्याला खोकला लागला, क्रिस्पिननं त्याची बंदूक धरली.

"गवत्या," तो डोळे पुसत म्हणाला, "हे शोधायला तुला केस पिकवावे लागले?"

"तू चालतोस पुढे. उत्तर मागून यायला वेळ लागतो."

"आता तरी साखर घाल."

"साखर तुझ्या बहिणीनं तुडवली."

हॉलंडच्या बाईनं क्रिस्पिनला विचारलं, हे काय चाललंय? क्रिस्पिन म्हणाला, चहा पातळ झाला, त्याबद्दल बोलतायत. बाई म्हणाली, चांगला आहे की चहा.

त्या संध्याकाळी एसिनातीनं विचारायच्या आतच येलेसानी म्हणाला, "दिलं उत्तर." तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग एकच म्हणाली, "चांगलं आहे. पण मधे थोडं लांबलं." मग ती स्वयंपाकाच्या झोपडीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. धूर फार झाला होता, असं तिनं नंतर सांगितलं.

पुढच्या कोरड्या दिवसांत येलेसानी झोपेत गेला. बोलावणं जायच्या आधीच लुपिया भावांना घेऊन, कुदळी घेऊन आला. कुदळीवर टेकून खड्ड्याशी उभा राहिला. "खोल खणा रे! हा वर आला तर चहा करील, आणि साखर घालायचा नाही! याला कानात सांगा, तिकडे आईला भेटलास की पीठ घेऊन बस, पाणी मी आणतो मागून." मालिझानी हसला. येलेसानीची नातवंडं हसली. बायकांमधून एसिनातीनं आवाज दिला, "सोंड्या, बिनसाखरेचा पिऊनच इतका जगलास. उपकार मान त्याचे!" आणि लोकांना पुन्हा हसू आलं. येलेसानी कुठंही रेंगाळला नाही. एसिनातीच्या कोंबड्या कोणी मोजत नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी येलेसानी नेहमीसारखाच कामाला गेला होता. रांग निघाली, पुढे लुपिया, मागे तो. चिंचेच्या झाडाखाली त्यानं तीन दगड मांडले, किटली ठेवली, केक कापला. सहा पाहुण्यांना चहा दिला, क्रिस्पिनला दिला. लुपियाचा कप भरला, साखरेचा डबा उघडला, त्यात बघितलं, आणि झाकण परत लावलं.

"ए गवत्या, बघितलं मी!" लुपिया वारुळावरून ओरडला.

"बघितलंस तर पी आता," येलेसानी म्हणाला, आणि कप नेऊन त्याच्या हातात दिला. मग उरलेली पत्ती मुळाशी ओतली, कप पुसून टोपलीत भरले, वाटेत सापडलेली एक तार वर ठेवली, आणि रांग हलायची वाट बघत सगळ्यांत मागे जाऊन उभा राहिला.